ताटाभोवतीची माणसं

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या बाईंच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर विशेष मुलांना शिकवलं. त्यांच्या मायेबद्दल इथे आजवर पुष्कळ बोललं गेलं आहे. मला त्यांची शिस्त आठवते. मूल शाळेत आलं की त्याची उंची आणि वजन लिहून ठेवायचं आणि दर सत्रात ते पुन्हा लिहायचं, हा त्यांचा नेम होता. मुलाला अक्षरं येवोत न येवोत, त्याच्या शरीराची काळजी हेही शाळेचंच काम, असं त्या मानत. आजचा विषय निवडताना मला त्या नेमाचा आधार वाटला.

विषय आहे बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमधला लठ्ठपणा. डॉक्टर म्हणून मी पालकांच्या सभांना अनेक वर्षं जाते आहे. तिथे शाळेबद्दल बोलणं होतं, प्रमाणपत्राबद्दल होतं, आणि सगळ्यात जास्त होतं ते ‘आमच्यानंतर काय?’ या प्रश्नाबद्दल. वजनाचा विषय निघालाच तर चहाच्या वेळी निघतो. एखादी आई मला बाजूला घेते आणि हलक्या आवाजात म्हणते, “डॉक्टर, याचं वजन फार वाढलंय हो. काय करू?” तिच्या स्वरात काळजीपेक्षा अपराधीपणा जास्त असतो.

‘आमच्यानंतर काय?’ या प्रश्नाचा वजनाशी थेट संबंध आहे. सत्तरीला आलेली आई आणि पंच्याण्णव किलोचा मुलगा, असं घर डोळ्यांसमोर आणा. तो न्हाणीघरात घसरला तर त्याला उचलणार कोण? उद्या भावानं सांभाळायचं ठरवलं किंवा निवासी संस्थेत ठेवायची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच येतो की स्वतःचं स्वतः किती करतो. जिना चढता येणं, स्वतःच्या हातानं आंघोळ करता येणं, बसमध्ये चढता येणं यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असतं. वाढतं वजन या गोष्टी एकेक करून काढून घेतं. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, झोपेत श्वास अडकणं हे सगळं मागोमाग येतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या व्यक्तींचं वजन त्यांच्या हावरेपणामुळे वाढत नाही, आणि नुसत्या त्यांच्या निग्रहानं उतरणारही नाही. काय शिजवायचं, केव्हा द्यायचं, किती वाढायचं, बाहेर न्यायचं की घरात बसवायचं, कोणती गोळी चालू ठेवायची हे सगळं दुसरी माणसं ठरवतात. म्हणून उपचार करायचा तो या माणसांच्या रोजच्या सवयींवर, आणि करायचा तो त्या व्यक्तीला सोबत घेऊन.

प्रश्न केवढा आहे?

2011 च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांग म्हणून नोंदल्या गेलेल्या भारतीयांची संख्या सुमारे 15 लाख होती. अनेक देशांतल्या पाहण्यांमध्ये या प्रौढांत लठ्ठपणाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं आहे. स्त्रियांमध्ये ते अधिक, डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये अधिक. सौम्य अक्षमता असलेल्यांमध्येही ते अधिक दिसतं, कारण त्यांना दुकानात जाऊन वेफर्सचं पाकीट आणता येतं, पण त्या पाकिटाचा हिशेब ठेवायला कुणी शिकवलेलं नसतं. इथे एक इशारा देते. तीव्र अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी असलेली बरीच मुलं उलट कुपोषित असतात. त्यांना गिळायला त्रास होतो आणि त्यांचं वजन वाढवावं लागतं. त्यामुळे ‘विशेष मुलं म्हणजे जाड मुलं’ असा सरसकट शिक्का मारू नका. प्रत्येकाचं वजन वेगळं मोजा.

मोजमाप भारतीय शरीराला लागू पडेल असं हवं. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा आकडा, 23 झाला की वजन जास्त आणि 25 झाला की लठ्ठपणा मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा. डाउन सिंड्रोममध्ये उंची कमी आणि बांधा वेगळा असतो, त्यामुळे एका आकड्यावर विसंबू नये. शिवणकामाची टेप घ्या आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला कंबर मोजा. आकडा चढतो आहे की उतरतो आहे, हे कळणं महत्त्वाचं.

इंग्लंडमध्ये 2013 साली एक मोठा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटानं नैऋत्य इंग्लंडमधल्या 247 बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचे मृत्यू एकेक करून तपासले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत त्यांतले पुरुष सुमारे 13 वर्षं आणि स्त्रिया सुमारे 20 वर्षं आधी गेल्या होत्या. वैद्यकीय सेवा वेळेवर आणि नीट मिळाली असती तर त्यांतले बरेच मृत्यू टळले असते, हा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. सगळा दोष वजनाचा नव्हता. पण डॉक्टरांनी तक्रार मनावर न घेणं, तपासणी पुढे ढकलणं, ‘हे असंच असायचं’ असं गृहीत धरणं ही जी वृत्ती तिथे दिसली, तीच लठ्ठपणाच्या बाबतीत आपल्या दवाखान्यांतही दिसते. गुडघा दुखतो म्हणून तो चालत नाही, आणि केसपेपरवर लिहिलं जातं, ‘आळशी, सहकार्य करत नाही.’

शरीरातली कारणं

ताटाकडे वळण्याआधी शरीराकडे पाहायला हवं. 1959 साली पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोमचं कारण दाखवून दिलं: एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत. या मुलांमध्ये थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण पुष्कळ जास्त असतं. थायरॉइड मंदावलं की वजन वाढतं, बद्धकोष्ठ होतं, मूल सुस्तावतं, आणि घरच्यांना वाटतं की त्याचा स्वभावच असा. म्हणून डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडची रक्ततपासणी दर वर्षी करायची, लक्षणं असोत वा नसोत. दुसरी गोष्ट झोपेची. जीभ मोठी, घशाची जागा अरुंद आणि स्नायू सैल, त्यामुळे झोपेत श्वास अडकतो. रात्रभर घोरणारं मूल सकाळी ताजंतवानं नसतं, दिवसा पेंगतं, हालचाल टाळतं. वजन वाढलं की घोरणं वाढतं आणि घोरणं वाढलं की वजन. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, एवढं प्रत्येक पालकानं लक्षात ठेवावं.

प्रेडर-विली सिंड्रोम हा आजार दुर्मीळ, पण समजून घ्यावा असा. 1956 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. पंधराव्या गुणसूत्रातल्या दोषामुळे बाळ जन्मतः अगदी लुळं असतं, दूधही नीट ओढत नाही. मग काही वर्षांनी चित्र पालटतं आणि त्याची भूक कधी शमतच नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. ही मुलं कचऱ्यातलं, कच्चं, शिळं काहीही खाऊ शकतात आणि अतिखाण्यानं त्यांचा जीवही जाऊ शकतो. अशा मुलाला ‘हावरट’ म्हणणं हा अन्याय आहे. ज्या घरात हे लक्षण आहे, त्यांनी जनुकीय तपासणी करून घ्यावी.

तिसरं कारण आम्ही डॉक्टरच लिहून देतो. चिडचिडीसाठी दिली जाणारी रिस्पेरिडोन आणि ओलान्झापीन ही औषधं भूक आणि वजन वाढवतात. फिट्ससाठी दिलं जाणारं सोडियम व्हॅल्प्रोएटही पुष्कळांचं वजन वाढवतं. ही औषधं अनेकांना खरोखर लागतात, आणि फिट्सच्या किंवा चिडचिडीच्या गोळ्या घरच्या घरी कधीही थांबवायच्या नाहीत, हे मी ठासून सांगते. पण ती कशासाठी सुरू झाली आणि आजही लागतात का, हा प्रश्न दर सहा महिन्यांनी डॉक्टरला विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. इंग्लंडमध्ये 2015 साली असं आढळलं की 30 ते 35 हजार बौद्धिक दिव्यांग प्रौढ त्यासाठीचा आजार नसतानाही रोज मानसोपचाराची औषधं घेत होते. पुढच्याच वर्षी ही औषधं काळजीपूर्वक कमी करण्याची मोहीम तिथे सुरू झाली. आपल्याकडेही दात दुखतो म्हणून, पाळीच्या वेदना होतात म्हणून, किंवा घरातलं जवळचं माणूस गेलं म्हणून चिडलेल्या व्यक्तीला शांत करणारी गोळी मिळते आणि ती वर्षानुवर्षं चालू राहते. औषध लागतच असेल, तर कमी वजन वाढवणारा पर्याय आहे का हे पाहावं. अशी औषधं घेणाऱ्या ऑटिझम असलेल्या मुलांना मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिल्यानं वजनवाढ रोखता येते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन-कॅनेडियन चाचणीत दिसलं आहे. या वाटा डॉक्टरशी बोलून शोधायच्या असतात.

घरातली कारणं

आता घराकडे येऊ. विशेष मुलाच्या घरात खाऊला फार कामं असतात. रडला की बिस्किट. पाहुणे आले की गप्प बसावं म्हणून चॉकलेट. गोळी घशाखाली जावी म्हणून पेढा. शाळेतही अनेकदा बरोबर उत्तराला खाऊचंच बक्षीस मिळतं. मुलाला बोलता येत नसेल तर आईजवळ प्रेम सांगायची जी थोडी साधनं असतात, त्यांत पहिलं साधन ताट. आजोबा संध्याकाळी फिरून येताना खिशातून भजी आणतात आणि सुनेच्या नकळत नातवाला देतात. त्यांनाही त्या मुलाशी दुसरा कोणता संवाद साधावा हे कुणी शिकवलेलं नसतं.

या सगळ्यामागे एक वाक्य असतं: “बिचाऱ्याला दुसरं काय सुख आहे?” हे वाक्य मी कधीही उडवून लावत नाही, कारण ते बहुतेक वेळा खरं असतं. त्याला मित्र नाहीत, नोकरी नाही, लग्न नाही, सुट्टीत जायला गाव नाही. दिवसातली आनंदाची जागा म्हणजे दुपारचं जेवण आणि चारचा चहा. अशा माणसाच्या ताटातून काही काढून घेणं क्रूर वाटतं आणि आईचा हात थांबतो. म्हणूनच आहाराचा कागद हातात देऊन हा प्रश्न सुटत नाही. ताटातलं काही कमी करायचं असेल, तर ताटाबाहेर आनंदाच्या जागा आधी तयार कराव्या लागतात. नाच, पोहणं, देवळापर्यंतची फेरी, ढोल-ताशाच्या सरावाला जाऊन बसणं, बसनं आत्याकडे जाणं, शेजारच्या मुलाबरोबर कॅरम. हाच वजनाच्या उपचाराचा पाया आहे.

वजनाचा आलेख बहुतेकदा अठराव्या वर्षी वळतो. शाळा संपते. तोवर सकाळी उठणं, तयार होणं, बसपर्यंत चालणं, कवायत, खेळ होते. आता टीव्ही आणि सोफा. कार्यशाळा मिळाली तरी तिथलं काम बसून करायचं असतं: पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या चिकटवणं, राख्या. मुलींची स्थिती अधिक बिकट आहे. पाळी सुरू झाली की भीतीपोटी त्यांचं बाहेर जाणं बंद होतं. ती भीती खोटी नाही. पण त्या भीतीची किंमत ती मुलगी स्वतःच्या हृदयानं आणि गुडघ्यांनी मोजते. तिच्यासोबत जाणारं विश्वासाचं माणूस शोधणं हे त्यावरचं उत्तर आहे.

आणि एक कारण आपल्या समाजाच्या चांगुलपणातून येतं. वाढदिवस, आई-वडिलांची पुण्यतिथी, पितृपक्ष, नवी गाडी घेतली, की आपण विशेष मुलांच्या संस्थेत जेवण देतो. श्रीखंड-पुरी, जिलेबी, केक, वेफर्स. देणाऱ्यासाठी तो वर्षातून एक दिवस असतो. संस्थेतल्या मुलाच्या वाट्याला असे दिवस महिन्यातून कितीतरी वेळा येतात. व्यवस्थापकांना नाही म्हणता येत नाही, कारण त्याच देणगीदाराकडून उद्या किराणा यायचा असतो. मी हात जोडून सांगते, देणं थांबवू नका, देण्याची वस्तू बदला. महिनाभराची फळं आणि भाजी द्या. चांगले चालायचे बूट द्या. पोहण्याच्या तलावाची फी भरा. व्हीलचेअरसकट वजन करता येईल असा मोठा काटा द्या. आणि सगळ्यात दुर्मीळ देणगी म्हणजे तुमचा रविवारचा एक तास. मुलांबरोबर टेकडीवर चला.

काय केल्यानं वजन उतरतं?

ग्लासगोच्या संशोधकांनी याचा चिकाटीनं शोध घेतला आहे. त्यांनी बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी ‘टेक फाइव्ह’ नावाचा कार्यक्रम तयार केला. कार्यकर्ता घरी जातो, त्या व्यक्तीशी आणि तिला सांभाळणाऱ्याशी एकत्र बोलतो, चित्रांच्या मदतीनं शिकवतो आणि रोजच्या आहारातून सुमारे 600 कॅलरी कमी करायला मदत करतो. उद्दिष्ट छोटं: वजनाच्या 5 टक्के. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 50 जणांच्या चाचणीत वर्षभरानंतर ‘टेक फाइव्ह’च्या गटातल्या निम्म्या लोकांनी ते उद्दिष्ट गाठलं. दुसऱ्या गटाला आरोग्यशिक्षण दिलं होतं, पण कॅलरी मोजून कमी केल्या नव्हत्या. तिथे साधारण पाचातल्या एकालाच ते जमलं. चाचणी लहान होती आणि सगळीकडचे निकाल इतके चांगले नाहीत. तरी तिच्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. उपदेश पुरत नाही, ताटातली बेरीज खरोखर बदलावी लागते. आणि ती बदलते सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून.

600 कॅलरी ऐकून घाबरू नका. चहात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे 40 कॅलरी, चार कपांच्या 160. दिवसाच्या स्वयंपाकात त्याच्या वाट्याचं चार छोटे चमचे तेल कमी झालं तर 180. सहा ग्लुकोज बिस्किटं सव्वाशेच्या आसपास आणि मूठभर फरसाण दीडशेच्या. झाल्या सहाशे, आणि ताटातली एक पोळीही कमी केलेली नाही. ज्याचा आनंद जेवणात आहे त्याचं जेवण शाबूत ठेवा, जेवणाच्या मधलं खाणं आवरा. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये तर वजन उतरवायचं नसतं, बहुधा ते आहे तिथे थांबवायचं असतं. उंची वाढली की हिशेब आपोआप सुधारतो. आणि हा आहार एकट्या त्याच्यासाठी असू नये. सगळे बटाटेवडे खात असताना एकाला काकडी देणं ही शिक्षा झाली. बदल सगळ्या घराच्या ताटात करा. तुमच्याही कंबरेला त्याचा फायदाच आहे.

शिकवण्याची रीत सोपी हवी. अमेरिकेत मुलांच्या वजनासाठी सिग्नलच्या रंगांची पद्धत निघाली आणि पुढे ती बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठीही वापरली गेली. हिरवं म्हणजे पोटभर खा: काकडी, गाजर, पालेभाजी, दुधी, ताक. पिवळं म्हणजे मोजून: भाकरी, भात, वरण, उसळ, अंडं, फळ. लाल म्हणजे सणावारी: वडा, लाडू, वेफर्स, शीतपेय. रंगीत कागदावर पदार्थांची चित्रं चिकटवून स्वयंपाकघराच्या दारावर लावा. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा. पातेली जेवायला बसतो तिथे न आणता ओट्यावरच ठेवा. अनेक मुलं न चावता भराभर गिळतात, घास अडकण्याचा धोकाही असतो. लहान चमचा द्या, प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवायला शिकवा. पोट भरल्याचं कळायला साधारण वीस मिनिटं लागतात, तोवर जेवण चाललं पाहिजे.

रडण्यावर बिस्किट देणं बंद केलंत की पहिल्या काही दिवसांत रडणं वाढेल. आधी चालत होतं ते का चालत नाही, म्हणून तो जोर लावून पाहील. नेमक्या याच दिवसांत घर फुटतं. आई नाही म्हणते, आजोबा देतात, आणि मूल हे शिकतं की अजून थोडं जोरात रडलं की मिळतं. म्हणून सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, स्वयंपाकाच्या ताईंनी आणि शाळेच्या बसमधल्या मावशींनीही, एकत्र बसून ठरवावं. खाऊच्या जागी दुसरं बक्षीस ठरवा: आवडतं गाणं, स्टिकर, बाबांबरोबर स्कूटरची चक्कर. आजोबांना तर मोलाचं काम आहे. भजी न आणता त्यांनी नातवालाच फिरायला न्यावं.

चालण्याबद्दलही स्कॉटलंडचा एक अनुभव सांगते. ‘वॉक वेल’ या चाचणीत 102 प्रौढांपैकी एका गटाला बारा आठवडे चालायला उत्तेजन दिलं, पावलं मोजायचं यंत्र दिलं, समुपदेशन केलं. 2015 मध्ये निकाल आला: चालण्यात लक्षणीय वाढ झाली नव्हती. मी त्यातून असा अर्थ घेते की या व्यक्तीला ‘चाल’ असं सांगून भागत नाही, तिच्याबरोबर कुणीतरी चालावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये व्यायामाच्या शिफारशींत दिव्यांग व्यक्तींचा पहिल्यांदाच स्वतंत्र विचार केला. प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं, हेच उद्दिष्ट त्यांनाही लागू आहे. लेझीम चालेल, अंगण झाडणं चालेल, दूध आणायला जाणं चालेल. स्पेशल ऑलिम्पिक्सची चळवळ 1968 मध्ये शिकागोत सुरू झाली आणि 1997 पासून ती खेळाडूंची आरोग्यतपासणीही करते. आपल्याकडे तिचं काम भारतभर आहे. जवळच्या केंद्राची चौकशी जरूर करा. एक सावधगिरी: डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांटउडी, शीर्षासन, सर्वांगासन करायला लावू नका. मान दुखणं, चाल बदलणं, हाताची पकड ढिली होणं दिसलं तर ताबडतोब दाखवा.

कुलूप आणि हक्क

सगळ्यात अवघड प्रश्न आता. स्वयंपाकघराला कुलूप लावायचं का? प्रेडर-विली असेल तर हो. तिथे कुलूप हे औषध आहे. अन्न हाताशी नाही हे पक्कं कळलं की त्या मुलाच्या जिवाची तगमगही कमी होते. त्या अनावर भुकेवरचं एक औषध 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आहे, पण त्यानं दक्षतेची गरज संपत नाही. इतरांच्या बाबतीत माझं उत्तर नाही असं आहे. तीस वर्षांचा माणूस स्वतःच्या घरात फ्रिज उघडू शकत नाही, ही त्याची मानहानी आहे. त्यापेक्षा जे द्यायचं नाही ते घरात आणूच नये.

आणि त्याला विचारावं. “काय खाशील?” हा मोठा प्रश्न झाला. “पेरू की पपई?” हा त्याला पेलणारा प्रश्न आहे. रोज दोन गोष्टींतून एक निवडणारा माणूस हळूहळू स्वतःच्या शरीराचा धनी होतो. बौद्धिक दिव्यांग प्रौढालाही कधीतरी मित्राबरोबर वडापाव खाण्याचा, वाढदिवसाला केक कापण्याचा अधिकार आहे, जसा तो तुम्हा-आम्हाला आहे. पण धोका समजत नाही म्हणून त्याला मधुमेहाकडे जाऊ देणं आणि त्याला स्वातंत्र्य म्हणणं, हेही मला मान्य नाही. त्याला कळेल अशा भाषेत सांगणं, चित्रं दाखवणं, पुन्हा पुन्हा सांगणं, आणि मग त्याचा कल पाहणं, एवढे कष्ट घेतल्यावरच आपल्याला त्याच्या वतीनं काही ठरवण्याचा अधिकार मिळतो.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल पालक विचारतात. ती प्रभावी आहेत. मात्र मळमळ, पोटदुखी ज्याला बोलून दाखवता येत नाही, त्याच्यावर फार बारकाईनं लक्ष ठेवावं लागतं. ‘याला कळत नाही म्हणून हे औषध नको’ असं डॉक्टरांनी म्हणू नये, आणि ‘याला कळत नाही म्हणून फक्त औषधच’ असंही नको.

आता करायचं काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला. त्याच्या पंचविसाव्या कलमात आरोग्यसेवेचा हक्क आहे: सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश, आणि तपासणीत-उपचारात प्राधान्य. इंग्लंडमध्ये चौदा वर्षांपासून पुढच्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना वर्षातून एकदा पूर्ण आरोग्यतपासणी मिळते. आपल्या महापालिकांनी आणि जिल्हा रुग्णालयांनी ती सुरू करावी. वजन, कंबर, रक्तदाब, साखर, थायरॉइड, दात, डोळे, कान आणि चालू औषधांचा फेरविचार. यातल्या एकाही गोष्टीला महागडं यंत्र लागत नाही. लागतो थोडा जास्त वेळ, शांत खोली, आणि रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधी तो हातात घेऊन पाहू देण्याचा धीर.

विशेष शाळांनी खाऊचं बक्षीस बंद करावं. कार्यशाळांनी दर तासाला दहा मिनिटं सगळ्यांना उभं करावं. निवासी संस्थांनी देणगीदारांसाठी ‘काय द्यावं’ याची यादी दाराशी लावावी, म्हणजे नाही म्हणण्याचा संकोच उरणार नाही. माझ्या व्यवसायातल्या मित्रांनी वजन वाढवणारी गोळी लिहिताना त्याच दिवशी वजन नोंदवावं आणि पुढच्या भेटीत ते पुन्हा पाहावं.

आणि आपण सगळ्यांनी मिळून एक गोष्ट थांबवू या: आईला एकटीला बोलावून ‘याचं खाणं जरा कमी करा’ एवढं सांगून घरी पाठवणं. तिनं आधीच पुष्कळ केलं आहे. तिला विचारू या की घरात आणखी कोण आहे, शेजारी कोण आहे, मंगळवारी संध्याकाळी याच्याबरोबर कोण चालेल आणि गुरुवारी कोण. एक नाव मिळालं तर एक लिहा, दोन मिळाली तर दोन. एकही नाव मिळालं नाही, तर ते शोधून देण्याची जबाबदारी शाळेची, पालक संघाची आणि आज या सभागृहात बसलेल्या आपल्या प्रत्येकाची आहे.